मंडईतून एक जुडी मेथी आणण्याची सोपी पद्धत

ताप आला, गेला आणि जाताना तुमची नोकरी घेऊन गेला, अशा नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन. पहिली अट, पूर्वी काय करत होतात ते विसरा. (मी गळ्यात दोन कॅमेरे अडकवून अनंत चतुर्दशीला सकाळी पुण्याच्या मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणुकीबरोबर निघायचे, ती दुसऱ्या दिवशी घरी यायचे. पाहिलंत, मलाही विसरता येत नाही.) आता ध्येय लहान ठेवा: मेथीची एक जुडी.

१. आधी सहा महिने पडून राहा. निदानाला साधारण तेवढा काळ जावा लागतो. हा आजार दाखवणारी रक्ताची तपासणी अजून नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे पेढे आणतील. खा. रडायचं नंतर.

२. आजाराचं नाव सांगू नका. 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' म्हणालात की उत्तर ठरलेलं: "दमायला आम्हालाही होतं हो!" हे नाव १९८८ साली अमेरिकेत ठेवलं गेलं, आणि त्यात फक्त दमणूकच ऐकू येते. पण नावांचं मनावर घेऊ नका. मंडईची ही अष्टकोनी इमारत १८८६ची. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून 'रे मार्केट' म्हणायचे. तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला जोतीराव फुल्यांनी, आणि आज पाटी आहे महात्मा फुले मंडईची. तुमच्या आजारालाही बरं नाव मिळेल. तोवर बसून घ्या.

३. बसायचं कुठे, हे आधी ठरवा. दोन दिवस आधीपासून ताकद साठवा: केस धुणं, फोनवर बोलणं, पोळ्या लाटणं यांतलं एकच. भुयारी मेट्रो २०२४पासून मंडईत येते, तिनंच या. पुतळ्यापर्यंत पोचलात की विश्रांती. गाळ्याशी पोचलात की पुन्हा विश्रांती. "मावशी, टेकू का जरा?" एवढं विचारा. पोतं सरकवून मिळेल. भाजीवाल्या मावशी रिपोर्ट मागत नाहीत.

४. चेहरा सांभाळा. पाणी मारलेली मेथी दुपारीही कशी टवटवीत दिसते, तसे तुम्ही दिसता. हा तुमचा मोठा दोष आहे. नेमक्या तेव्हाच सोसायटीतल्या काकू भेटणार. "अगं, किती छान दिसतेयस! मला वाटलं आजारी आहेस." उभ्यानं ऐका. बी-ट्वेल्व्ह बघितलंस का? अश्वगंधा घे. मन कशात तरी रमव. रोज दहा पावलं वाढवत जा. शेवटच्या सल्ल्याला विशेष मान द्या. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेच्या नियमावलीत व्यायाम हळूहळू वाढवत नेण्याचा उपाय खरोखरच होता. २०२१ साली त्यांनी तो काढून टाकला. काकूंना अजून कळवलेलं नाही.

५. हिशेब समजून घ्या. दुकानात पाटी असते, 'आज रोख, उद्या उधार'. तुमच्या शरीराची पाटी उलटी आहे: आज उधार, परवा वसुली, व्याजासकट. मंडईत तुम्ही हसलात, बोललात, घासाघीसही केलीत. बुधवारी पडदे ओढून पडाल. कुकरची शिट्टी डोक्यात जाईल, साधा शब्द आठवणार नाही, बाथरूम लांबच्या गावी गेल्यासारखी वाटेल. या वेळी कोणालाही घरी बोलावू नका. काकूंनी तुम्हाला मंडईत धडधाकट पाहिलं आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराला उगाच कशाला खोटं पाडायचं?

६. मेथी निवडणे. हा अभ्यासक्रम वरच्या वर्गाचा आहे, इथे घेत नाही.

माझी जुडी सोमवारी आणली होती. शुक्रवारी पिवळी पडलेली टाकून दिली.