टोकावरचं सोनं

मिरज तालुक्याच्या पूर्व भागात द्राक्ष बागायतदाराला मास स्पेक्ट्रोमीटर समजावून सांगावा लागत नाही. २०१० साली द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, युरोपला गेलेले कंटेनर अडकले, दर कोसळले. असा अंश मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नमुन्याचा फवारा साधारणपणे पोलादी सुईतून उडतो. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझी तक्रार आमच्या प्रयोगशाळेत प्रथिनांच्या कामाला सुईऐवजी लागणाऱ्या काचेच्या नळीबद्दल आहे. तोंड एक-दोन मायक्रॉनचं, धार मिनिटाला काही नॅनोलिटरची, टोकाशी हजारभर व्होल्ट. काचेतून वीज जात नाही, म्हणून बाहेरून सोन्याचा थर देतात. आणि सोनं काचेला धरत नाही! खाली क्रोमियमचा किंवा गंधकयुक्त सिलेनचा थर दिला तर पकड येते, हे जुनंच ज्ञान आहे. तरी नुसत्या सोन्याच्या नळ्या विकल्या जातात आणि आम्ही त्या घेतो.

फवारा छान सुरू होतो. मग सिग्नल डगमगायला लागतो. व्होल्टेज वाढवलं की टोकाशी ठिणगी पडते, पाण्याचं विघटन होऊन थराखाली बुडबुडे धरतात आणि पापुद्रा सुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर सोन्याची कड मागे सरकलेली, पुढे कोरी काच. तोवर रुग्णाच्या कणभर ऊतीतून काढलेला नमुना संपलेला असतो आणि तो पुन्हा मागता येत नाही. मला याचा मनापासून राग येतो. स्टोअरचं उत्तर ठरलेलं : ‘कन्झ्युमेबल आहे, जाणारच.’

का जाणार? २००१ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी पॉलिइमाइडमध्ये ग्राफाइट कालवून काळा, चिवट लेप दिला. पॉलिॲनिलिनसारखं वीजवाहक पॉलिमरही वापरून झालं आहे. दिसायला दोन्ही ओबडधोबड, पण माझं मत त्यांच्याच बाजूनं आहे. मिरजेत सतार घेणारा पॉलिश बघून पैसे मोजत नाही, जवारी ऐकतो. इथे मात्र कॅटलॉगात चकाकी दिसते, आणि लेप किती तास टिकतो, टोकाला ऋण व्होल्टेज देणाऱ्या निगेटिव्ह मोडमध्ये, जिथे ठिणगी लवकर पडते, तिथे तग धरतो का, याबद्दल चकार शब्द नसतो.

या वेळी मागणीपत्रात मी हे दोन्ही प्रश्न लिहिले. खरेदी विभागानं ते परत पाठवलं. फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.