माईंच्या जावयाची गाडी

"अगं, कळलं का? माईंच्या जावयाची गाडी टोचन करून नेली सकाळी."

काकूंनी कुंपणावरून ही बातमी टाकली तेव्हा त्यांच्या एका हातात दोडक्याचा वेल होता, दुसऱ्यात सुतळी. वेल त्यांचा, मांडव त्यांचा, दोडके मात्र लोंबतात आमच्या बाजूला. त्यामुळे पावसाळाभर आमचं येणंजाणं या कुंपणापाशीच असतं.

"कालच तर आले होते ना? नवी कोरी गाडी!"

"डिझेल. चार महिने झाले घेऊन. मिठागराकडच्या रस्त्यावर पाणी भरलं होतं. भरती आणि पाऊस एकदम आले की आपल्या वसईत पाण्याला जायला वाटच राहत नाही. माई म्हणाल्या, थांबा, ओहोटी लागली की उतरेल. तर जावईबापू म्हणतात, आई, मी अंधेरी सबवेतून गाडी काढणारा माणूस!"

"आणि घातली?"

"पुढून एसटी गेली ना. बस गेली म्हणजे आपण जाणारच! अगं, एसटीची चाकं केवढी, ती उभी केवढी उंच. ती पाणी कापत गेली की मागे लाट उसळते. ती लाट थेट ह्यांच्या बॉनेटवर. गाडीने दोन आचके दिले आणि गप्प."

"सायलेन्सरमध्ये पाणी गेलं असेल."

काकूंनी सुतळीची गाठ अर्धवट सोडून माझ्याकडे पाहिलं. काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. रोज संध्याकाळी डबा घासायला टाकताना ते दिवसभराची इंजिनं काकूंना सांगत. काका गेले, पण इंजिनं काकूंच्या डोक्यात तशीच राहिली.

"सगळे हेच म्हणतात. इंजिन चालू असलं की सायलेन्सरमधून धूर जोरात बाहेर येत असतो, तो पाण्याला सहजी आत येऊ देत नाही. पाणी शिरतं पुढून, एअर फिल्टरच्या वाटेने. इंजिन हवा ओढतं, आणि हवेच्या जागी पाणी मिळालं तर तेही ओढतं. बरं, होळीची पिचकारी आहे का घरात?"

"माळ्यावर असेल."

"नुसती हवा भर, तोंडावर बोट ठेव आणि दट्ट्या दाब. थोडा आत जाईल. आता पाणी भर आणि दाब. हलणार नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. इंजिनातला पिस्टन म्हणजे तोच दट्ट्या. पेट्रोलच्या गाडीत तो हवा साधारण दहाअकरा पट दाबतो, डिझेलमध्ये सोळाअठरा पट. म्हणजे डिझेलमध्ये वर जागा उरते जेमतेम. तिथे पेलाभरसुद्धा नाही, थोडं पाणी साचलं तरी पिस्टन अडतो. मग ज्या दांडीवर तो बसलेला असतो ती वाकते."

"कनेक्टिंग रॉड."

"बघ, तुलाही ठाऊक आहे! हे म्हणायचे, कनेक्टिंग वाकला की घरातला कर्ता माणूस वाकला समज. कधी तर दांडी तुटून ब्लॉकलाच भोक पाडते."

"म्हणजे गाडी बंद पडली तेव्हाच इंजिन गेलं?"

"तिथेच तर गोम आहे. गाडी सावकाश चालली होती, नुसती गप्प झाली. तेव्हा कदाचित काहीच मोडलं नसेल. न्यूट्रल करून चार पोरांनी ढकलली असती, बॅटरीची वायर काढली असती, तर मेकॅनिकने इंजेक्टर खोलून इंजिन हाताने फिरवलं असतं आणि पाणी बाहेर काढलं असतं. पेट्रोलच्या गाडीत प्लग काढतात, एवढाच फरक. ऑइल, फिल्टर बदलले की झालं. पण बापूंनी काय केलं असेल?"

"सेल्फ मारला."

"एकदा नाही, सहा वेळा! समोरच्या दुकानदाराने मोजले. तिसऱ्या वेळी आतून टण्णकन आवाज आला म्हणे. त्यानंतरही तीनदा."

मला हसू आवरेना. काकूंनी तोंडावर पदर घेतला, पण खांदे हलत होते.

"हसू नये गं, लाखांत खर्च जाईल. गॅरेजवाल्याने ऑइलची पट्टी काढून दाखवली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं. पाणी मिसळल्याची खूण."

"इन्शुरन्स असेल की."

"पुरात उभी गाडी बुडाली तर साध्या फुल पॉलिसीतही बहुधा धरतात. पण पाण्यात इंजिन चालू करून मोडलं, तर ते म्हणतात, हे पुराने नाही, तुमच्या करणीने झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. बापूंनी ते घेतलं नव्हतं. म्हणे, माझ्या ड्रायव्हिंगला कशाला हवं?"

जरा वेळ दोघी गप्प राहिलो. मग काकूंचा आवाज उतरला.

"गाडीचं काय, होईल दुरुस्त. 26 जुलै 2005 आठवतो ना? सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. त्या दिवशी काही माणसं गाडीच्या आतच गेली. काचा बंद, लॉक बंद, बाहेर पाणी चढतंय, आणि गाडी सोडवत नाही. माईंना तेच सांगून आले. पाणी दाराला लागलं की आधी काच खाली घ्यायची आणि उतरायचं. गाडी वाहून गेली तर जाऊ दे."

तेवढ्यात आमच्या पोर्चमध्ये गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. रात्री आमच्याही अंगणात अर्ध्या चाकापर्यंत पाणी होतं.

"अगं, हे कोण?"

"आमचे हे. म्हणत होते, पाणी उतरलंय, जरा स्टार्ट करून बघतो."

"भाऊ!" काकू अशा ओरडल्या की दोडक्यावरचा बुलबुल उडाला. "किल्लीला हात लावू नका! आधी एअर फिल्टर काढून बघा, ओला आहे का. मग ऑइलची पट्टी बघा. जरा जरी शंका आली तरी मेकॅनिकला फोन!"

हे एक पाय आत, एक पाय बाहेर असे थिजले. मग निमूटपणे बॉनेट उघडलं. फिल्टर कोरडा निघाला, ऑइलही स्वच्छ होतं. पण काकूंनी कुंपणावरून हात पुढे केला आणि किल्ली मागून घेतली. संध्याकाळी मेकॅनिक येऊन गेल्यावर ती दोन दोडक्यांसकट परत मिळाली.

तेव्हा बायांनो, पाणी भरल्या दिवशी घरचा माणूस भिजून आला तर टॉवेल मागाहून द्या. आधी गाडीची किल्ली काढून घ्या.