आतलं सेटिंग

चारचौघांत कुणी म्हणालं, "इथे रेंज नाही वाटतं," की बहुतेक जण आपापला फोन डोक्यावर धरून खिडकीकडे चालू लागतात. एकच गृहस्थ जागचा हलत नाही. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, "आण इकडे."

हे सेटिंगकाका. प्रत्येक सोसायटीत एक असतातच. दोन असले तर त्यांचं आपसात पटत नाही. वय साठीच्या आगेमागे. निवृत्ती बँकेतून नाहीतर लघुपाटबंधारे खात्यातून, म्हणजे नोकरीत टेलिफोनशी संबंध बिल मंजूर करण्यापुरता. मुलगा हिंजवडीत. घरातला टीव्ही सुनेकडे, स्वयंपाकघर काकूंकडे, नातू कुणाच्याच ताब्यात नाही. काकांच्या वाट्याला उरलं नेटवर्क.

त्यांचा मूळ सिद्धांत एकच: कंपनी सगळं देते, पण आत बंद करून देते. जे वर दिसतं ते अडाण्यांसाठी. शहाण्यानं आत जायचं.

या सिद्धांताची मुळं काळ्या फोनच्या जमान्यात आहेत. फोनसाठी अर्ज करून माणसं वर्षानुवर्षं थांबायची. घाई असलेले ओवायटीत जास्तीचे पैसे भरायचे आणि तेही थांबायचे. एकदाचा फोन आला की तो बंद पडायचा. मग १९८ ला तक्रार नोंदवायची, तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा आणि हे सोपस्कार उरकले की खऱ्या उपायाला लागायचं, म्हणजे लाइनमनला गाठायचं. तो खांबापाशी यायचा, डब्याचं झाकण उघडायचा, दोन वायरी चिमटीत धरून पिळायचा आणि घरात फोन खणखणायचा. दिवाळीला त्याला पोस्त मिळायचं ते काही उगाच नाही. काकांनी तेव्हाच ओळखलं की सत्ता त्या झाकणाआड आहे. पुढे ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. हळूहळू खांब गेले, वायरी गेल्या, लाइनमनही दिसेनासा झाला. झाकण तेवढं राहिलं, ते फोनच्या आत सरकलं. आणि आता चढायला कुणी नाही म्हटल्यावर काका स्वतःच खांबावर चढले.

त्यांना काम करताना एकदा बघावं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी फोन घेऊन येतात. "काका, घरात नेट अजिबात चालत नाही हो. बाल्कनीत चालतं." काका फोन घेतात, आधी काच सदऱ्याला पुसतात, मग डायल पॅड उघडतात आणि मोठ्यानं म्हणत दाबू लागतात, "स्टार हॅश स्टार हॅश, चार सहा तीन सहा, हॅश स्टार हॅश..." इथे अंगठा हवेत थांबतो. वहिनींकडे एक नजर. "...स्टार." हिरवं बटण दाबावंच लागत नाही. शेवटचा स्टार पडतो न पडतो तोच आकडे गायब होतात आणि एक पांढरा, बिनशोभेचा, नुसत्या अक्षरांचा पडदा उघडतो. अँड्रॉइड फोनमधली ही चाचणीची खोली. चार-सहा-तीन-सहा या कळांवरच्या अक्षरांनी 'इन्फो' होतं, हे काका न विचारता सांगतात. काही कंपन्यांच्या फोनवर हा कोड चालत नाही. त्या कंपन्यांबद्दल काकांचं मत वाईट आहे.

"हे बघा. उणे एकशे चौदा."

"म्हणजे काय हो काका?"

"सिग्नल. उधारीसारखं असतं, वहिनी. उणे जितकं कमी तितकं बरं. उणे ऐंशी असतं तर घरात बसून सिनेमा बघितला असता."

मग बँडांवर प्रवचन. २३०० मेगाहर्ट्‌झचा चाळीस नंबरचा बँड वेगाला चांगला, पण भिंत दिसली की बसतो. ८५० चा पाच नंबर सावकाश चालतो, पण भिंतीतून आत येतो. "तुमच्या फोननं चाळीस धरून ठेवलाय. बाल्कनीत म्हणून चालतं." हे सगळं बरोबर असतं, बरं का. सेटिंगकाकांना अज्ञानी समजणारे फसतात. त्यांचं ज्ञान पक्कं असतं, फक्त त्या ज्ञानाचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नसतं.

माझं विचाराल तर त्यांच्या बहुतेक यशांचं श्रेय विमानाला आहे. सगळी खटपट झाल्यावर, फोन परत देण्याच्या आधी, काका तळहाताच्या आडोशाला एरोप्लेन मोड लावतात आणि काढतात. फोन जुना टॉवर सोडतो, नव्यानं शोध घेतो, नव्यानं नाव नोंदवतो आणि पुष्कळदा तेवढ्यानंच सुधारतो. पण हे उघड सांगितलं तर उद्यापासून वहिनी येतील कशाला?

काकांची एक एलआयसीची डायरी आहे. पुढून दुधाचा हिशोब, मागून नेटवर्क. जीपीआरएसच्या काळात कंपनीकडून सेटिंगचा मेसेज यायचा, तो 'सेव्ह' करायचा असायचा. आला नाही तर हातानं भरायचं. तेव्हापासूनचे एपीएन तिथे टिपलेले आहेत: बीएसएनएलनेट, एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, खाली निळ्या शाईत नंतर वाढवलेलं जिओनेट. एका पानावर 'बिल्ड नंबर × ७' एवढंच. फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारलं की पडद्यावर उमटतं, आता तुम्ही डेव्हलपर आहात. मुलाला हेच व्हायला चार वर्षं आणि काकांचा निम्मा फंड लागला होता. काकांनी ही गोष्ट त्याला जेवताना सांगितली. तो काही बोलला नाही, आमटी वाढून घेतली.

त्यांच्या आयुष्याचं सोनं झालं ते २०२२ च्या ऑक्टोबरात. १ तारखेला दिल्लीत पंतप्रधानांनी ५जी सुरू केलं. लोकांकडे फोन आधीपासून होते, खोक्यावर ठसठशीत ५जी छापलेलं. मुंबईसारख्या शहरांत नेटवर्कही येऊ लागलं. पण पडद्याच्या कोपऱ्यात ४जीच! कारण यंत्र आत तयार असलं तरी भारतातल्या जाळ्यासाठी ते चालू करणारं सॉफ्टवेअर फोन कंपन्यांनी अजून पाठवलेलं नव्हतं. आयफोनवाल्यांना तर आयओएस १६.२ येईपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, वाट बघावी लागली. जन्मभर जे सांगत आलो ते अक्षरशः खरं ठरण्याचं भाग्य किती जणांना मिळतं? वस्तू आहे, पैसे भरलेत, आत बसवलेलीही आहे आणि कुणीतरी बंद करून ठेवली आहे. ते तीन महिने काका सोसायटीत वेगळ्याच चालीनं चालत होते.

त्या दिवसांपासून अपडेट बघण्याचा नेम सुरू झाला. सकाळी अंघोळीआधी. 'तुमचा फोन अद्ययावत आहे' असं वाचलं की त्यांचा चेहरा पडतो. सुनेच्या आयफोनवर तर बघायलाही काही नसतं. कॅरिअरचं अपडेट हवं असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल, जनरलमध्ये अबाउट, आणि तिथे नुसतं थांबायचं. आलेलं असेल तर चौकट आपण होऊन उगवते. बटण नाही, कोड नाही. काका हात मागे बांधून ओट्यावर ठेवलेल्या त्या फोनसमोर उभे राहतात आणि सून डब्यातल्या पोळ्या मोजते.

अपघात होतात. वहिनींच्याच फोनवर काकांनी एकदा त्या पांढऱ्या पडद्यावर 'एनआर ओन्ली' निवडलं, म्हणजे फक्त ५जी. "४जीची भेसळच नको." आता ५जीचे दोन प्रकार. एक स्वतःच्या पायावर उभं असतं, दुसरं ४जीच्या आधारानं चालतं: फोन आधी ४जीला जोडला जातो, मग ५जी वरून मिळतं. वहिनींच्या कंपनीचं दुसऱ्या प्रकारातलं. ४जी काढून घेतल्यावर आधारच गेला आणि फोन ठार बंद. दुपारी गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, त्यानं कोड मागितला, कोड येणार मेसेजनं, मेसेज येणार कुठून? सिलिंडर परत खाली गेलं. संध्याकाळी वहिनींनी फोन बंद करून चालू केला, तेव्हा तो पूर्ववत झाला. बऱ्याच फोनांत हे सेटिंग टिकत नाही. काकांना कळल्यावर ते म्हणाले, "बघितलंत? मी दिलेलं काढून टाकलं कंपनीनं."

पण न्याय करायचा तर पुरता करावा. 'स्टार हॅश २१ हॅश दाबा, तुमचा फोन टॅप होतोय का ते कळेल' असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, तेव्हा हा कोड फक्त कॉल दुसरीकडे वळवलाय का एवढंच सांगतो हे लिहिणारे काका एकटेच होते. आणि तोतया कस्टमर केअरवाले लोकांना स्टार ४०१ च्या पुढे भलताच नंबर दाबायला लावून त्यांचे कॉल, कॉलवरचे ओटीपी पळवत होते, तेव्हा गणपतीच्या आरतीनंतर काकांनी मांडवातच सगळ्यांचे फोन तपासले. प्रसाद नंतर. पुढे दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून कॉल वळवण्याची सेवाच थांबवायला सांगितली. काकांनी बातमी सगळ्यांना पाठवली, खाली 'उत्तम निर्णय' लिहिलं. मग डायरी काढली आणि त्या ओळीवर काट मारली. एक कोड गेला.

गंमत अशी की काका स्वतः कधी फोनवर सापडत नाहीत. त्यांचा फोन सदैव कुठल्या तरी प्रयोगात: नेटवर्क रीसेट केलेलं, सिम दुसऱ्या खाचेत, नाहीतर अपडेटची पट्टी अर्ध्यावर. लोक काकूंना लावतात. काकूंच्या फोनला हात लावायची काकांना बंदी आहे आणि तो पहिल्या रिंगला उचलला जातो.

परवा मुलगी न्यू जर्सीहून आली. तिचा आयफोन तिकडे घेतलेला. काकांनी सवयीनं किल्ल्यांच्या जुडग्यातली सिमची पिन काढली, फोन चारही कडांनी फिरवला, पुन्हा फिरवला.

"भोक कुठंय गं?"

"नसतं बाबा. २०२२ पासून तिकडच्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही. ई-सिम."

काका क्षणभर गप्प. मग पिन खिशात गेली. "बरं, पण याचाही कोड आहे." स्टार ३००१ हॅश १२३४५ हॅश स्टार, आणि इथे मात्र हिरवं बटण. आकडे उघडले. उणे अठ्ठ्याहत्तर! काकांनी स्वतःचा फोन शेजारी धरला. उणे एकशे नऊ.

"हे कसं? हॉल माझा, टॉवर माझ्या देशातला, आणि रेंज अमेरिकेच्या सिमला?"

"रोमिंग आहे ना बाबा. ते एका कंपनीला बांधलेलं नसतं. करार असलेल्यांपैकी जो मिळेल तो धरतं."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. इतकी वर्षं जे शोधत होते ते हेच असावं, अशा नजरेनं त्यांनी तो फोन पुन्हा न्याहाळला आणि आवाज खाली आणून विचारलं, "जाताना हे सिम ठेवून जाशील मला?"

"बाबा, यात सिमच नाहीये."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले, "आत कुठेतरी असणार."