एक सडाफटिंग, एक खानदानी

वाळवी ही मुंग्यांची कोणी लागत नाही. ती झुरळांच्याच कुळातली आहे, असा निकाल कीटकशास्त्रज्ञांनी २००७ साली जनुकं तपासून दिला. तोवर दोघांची रेशनकार्डं वेगळी होती. वाळवीवाल्यांना हे नातं कळलं असतं, तर त्यांनी नक्की अपील केलं असतं.

कारण मोरीतलं ते मोठं तांबूस झुरळ म्हणजे घराण्यातला फॉरेन रिटर्न सडाफटिंग. नावात ‘अमेरिकाना’, मूळ मात्र आफ्रिकेतलं. जग पाहिलं ते जहाजांच्या पोटातून, विनातिकीट. पण राहणी टापटीप. जरा उसंत मिळाली की मिशी तोंडात ओढून साफ करणार. खाण्याची कटकट नाही: पोळीचा तुकडा, पुस्तकाची खळ, साबण, अगदीच काही नसेल तर स्वतःची टाकलेली कात. चप्पल खाली येताना हललेली हवा पाठीमागच्या दोन शेपट्यांना कळते आणि स्वारी सिंकखाली. मुंडकं उडालं तरी काही दिवस जगतो. (असे लोक ऑफिसातही असतात, पण त्यांना पेन्शन मिळते.) संसार म्हणाल, तर सौभाग्यवती अंड्यांची डबी कोपऱ्यात चिकटवून मोकळ्या.

वारूळवाल्यांकडे असला सैलपणा नाही. आपल्या माळांवर पुरुषभर उंचीची वारुळं बांधणारी ओडोंटोटर्मिस ओबेसस ही जात म्हणजे जुनं एकत्र कुटुंब. राणी रोज हजारोंनी अंडी घालते आणि राजा जन्मभर तिच्या शेजारी बसून असतो. कर्ते पुरुष बहुधा एवढंच करतात. कामकरी आंधळे, तरी घर तेच बांधतात, पोरं तेच सांभाळतात. बाहेर निघायचं तर डोक्यावर मातीचं छप्पर घालत घालत. शिवाय तळघरात बुरशीची शेती. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळावर उगवलेली अळंबी आपण चवीनं खातो, ती याच शेतीची.

साहजिकच समाजात मान यांना. नागपंचमीला वारुळाला हळदकुंकू, लाह्या. झुरळाच्या नशिबी औषधाचा फवारा. वास्तविक तो बिचारा उष्ट्याखरकट्यावर जगतो. या खानदानी मंडळींना डोळे नसले तरी नजर उसाच्या बेण्यावर आणि लाकडावर.

तेव्हा झुरळ दिसल्यावर खुशाल किंचाळा. पण दाराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ दिसली, तर नमस्कार करू नका. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन लावा.