पाव किलो धाडस

आमचे दाजी मार्केट यार्डात गूळ-भुसारचे व्यापारी. त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की ते आधी वजन विचारतात, मग भाव. वस्तू हवी कशाला, हा प्रश्न उरलाच तर तो ते आमच्या ताईवर सोपवतात. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीतही हाच क्रम पाळला गेला.

निमित्त कोयत्याचं. गेली काही वर्षं पुण्यात पेपर उघडला की कोयता हातात घेतलेलं एखादं पोरगं कुठल्या तरी पानावर असतंच. दाजींचा गाळा रात्री बंद होतो. तिथून गंगाधाम चौक, आणि मग बिबवेवाडीचा चढ. दाजींची जुनी चेतक स्कूटर तिसऱ्या गिअरमध्ये जायच्या आत घर येतं, एवढंच अंतर. (गंगाधाम चौकातल्या गर्दीत ती कधीच तिसऱ्यात जात नाही, हा भाग वेगळा.) पण हंगामात बॅगेत रोकड असते, आणि रोकड असली की दाजींना मागून येणारी प्रत्येक मोटरसायकल आपल्याच मागावर आहे असं वाटतं. बहुतेक वेळा ती जेवण पोचवणाऱ्या मुलाची असते.

“शेवटचा उपाय म्हणून हो, मेव्हणे,” दाजी मला म्हणाले. “अगदीच गळ्याशी आलं तर. एरवी हात लावायचा नाही. पण छोटं पाहिजे. सफारीच्या खिशात मावणारं.”

मी वर्तमानपत्रात लिहितो, म्हणून मला सगळं माहीत असतं अशी ताईच्या सासर-माहेरची समजूत आहे. ती टिकवण्यासाठी मी माहिती काढली.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट बत्तीसचं साधं रिव्हॉल्व्हर सातशे ग्रॅमच्या आसपास भरतं. ते दाजींनी ऐकताक्षणी नापास केलं. मग ‘निर्भीक’. ते जानेवारी २०१४ मध्ये आलं, दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या भयंकर घटनेनंतर, बायकांच्या पर्समध्ये मावावं म्हणून. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये. अप्पर डेपोच्या शेवटच्या बसने घरी येणाऱ्या बाईच्या पर्समध्ये सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर असेल, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांनी ती बस पाहिलेली नसावी. आणि हे हत्यार मिळायचं कशात, तर दागिन्यांची असते तशा मरून रंगाच्या पेटीत. इथे ताईने पहिल्यांदा चर्चेत भाग घेतला.

“म्हणजे घरात सव्वा लाखाची मरून पेटी येणार, मी ती उघडणार, आणि आत हे?”

दाजींनी घाईघाईने भाव काढला. “ग्रॅमला दोनशे पंचेचाळीस रुपये पडले. केशराच्या खाली, वेलदोड्याच्या पुष्कळ वर.” मग मी ‘निडर’ सांगितलं. पॉइंट बावीसचं, वजन फक्त २५० ग्रॅम, बाजारात येताना किंमत पस्तीस हजारांच्या घरात. दाजींचे डोळे चमकले. “ग्रॅमला एकशे चाळीस! आणि पाव किलोच. हे जमतंय.” २०२३ साली आलेल्या ‘प्रबळ’चाही मी उल्लेख केला. पन्नास मीटरपर्यंत मारा, चक्री बाजूला उघडणारी. पण पन्नास मीटर ऐकून दाजीच घाबरले. आमच्या रस्त्यावर पन्नास मीटरमध्ये दोन बेकऱ्या, एक क्लास, वडापावची गाडी आणि पाणीपुरीभोवतीची गर्दी येते. चोर सोडून सगळ्यांना लागायची शक्यता.

विदेशी मालाचीही त्यांनी चौकशी केली. व्यापारी माणूस, आयातीचा भाव विचारल्याशिवाय कसा राहील? पण सामान्य माणसासाठी बंदुकांची आयात १९८० च्या दशकातच जवळपास बंद झाली. त्याआधी आलेली पिस्तुलं आता जुन्या वाड्यासारखी हातोहात जातात, आणि भावही तसेच सांगतात. नऊ मिलिमीटर वगैरे सिनेमातले आकार तर आपल्यासाठी निषिद्धच. उरतं ते मुख्यतः पॉइंट बत्तीस नाहीतर पॉइंट बावीस. त्यातलं रिव्हॉल्व्हरचं पॉइंट बत्तीसचं काडतूस १८९६ सालचं, म्हणजे मुंबईत प्लेग आला त्या वर्षीचं. प्लेग गेला, काडतूस राहिलं. अर्थात काडतुसांच्या बाबतीत पुणेकराने मान खाली घालायचं कारण नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, आणि काडतुसाच्या बुडावरचा ‘केएफ’ हा शिक्का किरकी फॅक्टरीचा. “म्हणजे माल लोकल आहे,” दाजी समाधानाने म्हणाले. “वाहतूक वाचली.”

आमच्या सोसायटीत एक निवृत्त सुभेदार राहतात. दाजींनी त्यांना चहाला बोलावून ‘निडर’चं वजन अभिमानाने सांगितलं. सुभेदारांनी बशीतला चहा संपवला आणि दाजींचा पंजा हातात घेऊन पाहिला. गुळाच्या ढेपा उचललेला तो पंजा.

“याला मूठ पुरायची नाही. दोन बोटं बसतील, बाकीची हवेत. हत्यार जेवढं हलकं तेवढा हाताला झटका जास्त. नळी बोटभर, म्हणजे दहा पावलांपुढे नेम देवाच्या भरवशावर. लोकांना वाटतं छोटं म्हणजे सोपं. छोट्याला सराव जास्त लागतो.”

“पण मला मारायचं नाहीच आहे,” दाजी म्हणाले. “फक्त दाखवायचंय.”

“एवढंसं?” सुभेदार म्हणाले. “दाखवलं तरी त्याला दिसायला पाहिजे ना.”

दाजी खचले नाहीत. खिशाचा प्रश्न त्यांनी प्रयोगाने सोडवायचा ठरवला. भाच्याचं दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल माळ्यावरून काढण्यात आलं. दाजींनी ते सफारीच्या उजव्या खिशात घातलं आणि चोर म्हणून मला जिन्यात उभं केलं. ताईच्या हातात मोबाईल, वेळ मोजायला.

मी “बॅग दे” असं ओरडलो. दाजींचा हात विजेसारखा खिशात गेला आणि चुन्याची डबी घेऊन बाहेर आला. डबी परत आत. मग गाळ्याची किल्ली, सुतळीसकट. तंबाखूची पुडी. हमालीच्या पावत्या, रबर लावलेल्या. या पावत्या दाजींनी मला धरायला दिल्या. चोर असूनही मी त्या धरल्या. मग पिस्तुलाची मूठ दिसली, पण घोडा अस्तरात अडकला, आणि दाजींनी जोर लावताच खिसा शिवणीवर उसवला. पिस्तूल पायरीवरून टणटण खाली गेलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून ते उचललं, “कुणाच्या पोराचं आहे?” म्हणून विचारलं, आणि दाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“किती वेळ?” दाजींनी धापा टाकत ताईला विचारलं.

“मोबाईल मधेच बंद पडला,” ताई म्हणाली. “आणि हा खिसा आता मी शिवणार नाही.”

त्या रात्री दाजींनी इतिहासाचा आधार घेतला. पुणेकराचा युक्तिवाद संपत आला की इतिहास सुरू होतो. गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंकडे काय होतं? पिस्तुलंच ना? नाशकात १९०९ साली कान्हेऱ्यांनी जॅक्सनला मारलं ते ब्राउनिंगनेच ना? मी म्हटलं, दाजी, त्या माणसांनी फाशी गृहीत धरून खिशात हात घातला होता. त्यांच्या खिशात हमालीच्या पावत्या नव्हत्या. शिवाय अगदी जवळून झाडलेल्या गोळीचं काय होतं याचा पुण्यातला सर्वांत चांगला दाखला फर्ग्युसन कॉलेजातला आहे. २२ जुलै १९३१. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर हॉटसन वाडिया ग्रंथालय पाहायला आले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हाताच्या अंतरावरून गोळी झाडली. धाडसात काडीची उणीव नव्हती, नेमही छातीवर. पण गोळी अडली हॉटसनच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर, आणि साहेब वाचला. गोगट्यांना शिक्षा झाली, आणि पुणेकर पुढे त्यांना ‘हॉटसन गोगटे’ म्हणूनच ओळखू लागले.

दाजी बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी चुन्याची डबी उजव्या खिशातून काढून छातीवरच्या डाव्या खिशात ठेवली. व्यापारी माणूस कुठल्या गोष्टीतून काय घेईल, सांगता येत नाही.

तरीही अर्ज भरायचा हे ठरलेलंच होतं. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याचे नियम २०१६ चे. ए-१ नमुन्यातला अर्ज. शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. घरात ते कुलूपबंद ठेवण्याची हमी. पोलीस ठाण्याकडून चौकशी. परवाना मिळाला तर पाच वर्षांचा. निवडणुका आल्या की हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. आणि महाराष्ट्रात लोकसभा, विधानसभा, महापालिका असं धरलं तर दाजींचं पाव किलो त्यांच्या खिशापेक्षा ठाण्याच्या कपाटात जास्त राहील, असा माझा अंदाज. त्यावर कायदा. स्वसंरक्षणाचा अधिकार आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम ३४ ते ४४. पण बळ वापरायचं ते हल्ला परतवायला लागेल तेवढंच. म्हणजे रात्री अंधारात, कोयता समोर असताना, खिसा उसवत असताना, आधी मापात बसतंय का ते पाहायचं. मापाच्या बाबतीत मार्केट यार्डातला माणूस सहसा कच्चा नसतो, पण तिथे तराजू असतो.

खरी अडचण अर्जातल्या एका साध्या प्रश्नाने केली. शस्त्र कशासाठी हवं? जिवाला धोका असेल तर तो कुणाकडून? दाजी विचारात पडले. धोका आहे हे त्यांना नक्की माहीत होतं, पण तो देणारा कोण ते आठवेना. शेवटी त्यांनी उधारीची वही काढली. सांगलीकडच्या एका हळदवाल्याकडे त्यांचे बरेच पैसे अडकलेत. त्याला फोन लावला आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, “तुम्ही मला कधी धमकी दिली होती का हो?”

पलीकडून आवाज आला, “शेठ, उलट तुम्हीच मला तंगडं मोडीन म्हणाला होता. दोनदा. पोरगं स्पीकरवर ऐकत होतं.”

वहीतल्या पुढच्या नावांनीही साधारण हेच सांगितलं. सगळी उधारी तपासून निष्कर्ष निघाला तो असा की या व्यवहारात जिवाला धोका असलेले बरेच लोक आहेत आणि त्या सगळ्यांना तो दाजींकडून आहे. ताई म्हणाली, “अर्जात तसं प्रामाणिकपणे लिहा. त्या सगळ्यांना परवाने मिळतील.”

अर्ज टेबलावरच राहिला. पण बातमी राहिली नाही. जिन्यातला प्रयोग खालच्या आजींनी सविस्तर सांगितला होता, त्यातून टिकल्या गळून गेल्या आणि पिस्तूल उरलं. आठवडाभरात सोसायटीत चमत्कार झाले. दाजींच्या जागेत कायम लागणारी तिसऱ्या मजल्याची अ‍ॅक्टिव्हा आपोआप भिंतीला सरकली. पाण्याच्या टँकरच्या वर्गणीवरून मागच्या वर्षीपासून बोलणं बंद केलेले सेक्रेटरी “काय शेठ, तब्येत काय म्हणतेय?” म्हणून चौकशी करून गेले. मध्यरात्री डीजे लावणाऱ्या पोरांनी आवाज स्वतःहून कमी केला आणि वर “काका, चालेल ना?” असंही विचारलं. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा बिबवेवाडीत दुपारी झोप काढली.

मी म्हटलं, “दाजी, मग आता अर्ज देऊन टाकू या. निदान धोक्याच्या ठिकाणी काहीतरी लिहू.”

“वेडे आहात का मेव्हणे?” दाजी म्हणाले. “अर्ज दिला तर चौकशी होणार. चौकशीला माणूस आला की सगळ्यांना कळणार की अजून मिळालेलं नाही. आणि नाकारला तर मग संपलंच. दुपारची झोप गेली.”

आता तो ए-१ अर्ज दाजींनी प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घातलाय. दुमडून ते सफारीच्या वरच्या खिशात ठेवतात, चुन्याच्या डबीच्या पुढे, ‘शस्त्र’ हा शब्द आणि सरकारी चौकट बाहेरून वाचता येईल अशा बेताने. सुभेदारांनी हरकत घेतली. सार्वजनिक ठिकाणी हत्यार झाकून न्यावं लागतं, मिरवायचं नसतं, नियम आहे, असं ते म्हणाले.

“हत्यार झाकायचा नियम आहे,” दाजी म्हणाले. “अर्ज झाकायचा कुठे आहे?”