पट्टीचं गिऱ्हाईक

मे महिन्यात मुलांनी कुठे जायचं, याबद्दल आपल्या वाडवडिलांच्या मनात संदेह नव्हता. आजोळी. तिथे आंबे असत, विहीर असे, आणि मुख्य म्हणजे मुलांना सोडून परत यायची सोय असे. आमच्या चिरंजीवांचं आजोळ शेजारच्या बी विंगेत, तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे जायला सुट्टी लागत नाही, चप्पलही लागत नाही. त्यामुळे वार्षिक स्नेहसंमेलनाचे कपडे परत करून झाले की पोराला ‘कुठेतरी न्यायचं’ असतं. हे कुठेतरी म्हणजे हल्ली शहराबाहेर, हमरस्त्याला लागून, झाडं नुकतीच लावलेलं मनोरंजन उद्यान.

तिकीट खिडकीशेजारी रंगीत जिराफाची पट्टी असते. 85 सेंटिमीटरच्या आतलं मूल फुकट, वर गेलं की तिकीट. चिरंजीव वय वर्षं चार, उंची 102. दूध प्यावं म्हणून आम्ही घरच्या भिंतीवर दर महिन्याला पेन्सिलीची रेघ मारतो. त्या संस्काराला जागून त्यांनी जिराफापुढे टाचा उचलल्या, मान ताणली आणि न विचारताच सांगितलं, “मला पाचवं चालू आहे.” माझी आई मागून कुजबुजत होती, “अरे, पाठ दुखत असेल तर वाक जरा.” खिडकीतल्या मुलीने त्याचं कौतुक केलं आणि तिकीट फाडलं.

मग पिशव्यांची झडती. आईने दशम्या, चटणी आणि कैरीच्या पन्ह्याची बाटली आणली होती.

“आजी, बाहेरचं खाणं अलाउड नाही.”

“बाहेरचं कुठलं? घरचंच आहे सगळं.”

पहारेकऱ्याकडे या मुद्द्याला उत्तर नव्हतं, पण नियम होता. आई कुंपणापाशी उभी राहून दोन दशम्या तिथेच खाती झाली आणि तिसरी त्याच्या हातात ठेवून आत आली.

आतही जिराफ होता. म्हणजे दुसरा, थोरला. रोलर कोस्टरसाठी 120 सेंटिमीटर. चिरंजीव पुन्हा टाचा उचलून उभे राहिले. या वेळी कौतुक झालं नाही. खिडकीपाशी जो मुलगा सतरा सेंटिमीटरने मोठा होता, तो पन्नास पावलांवर अठरा सेंटिमीटरने लहान निघाला. त्याने जो टाहो फोडला त्याची उंची मात्र कुठल्याही पट्टीला पुरी पडली असती. नियम खोटा नाही, हे मलाही कळतं. छातीवर येणारा तो दांडा मोठ्या देहाच्या मापाने घडवलेला असतो, त्याखालून चिमुरडं निसटू शकतं. पण हे चार वर्षांच्या मुलाला भरदुपारी कोण पटवणार?

नवऱ्याने विज्ञानाचा आधार घेतला. “बघ, या गाडीला इंजिनच नसतं. साखळी तिला फक्त वर ओढून नेते. ती टक्‌टक्‌ ऐकू येते ना, तो खटका आहे. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून. उतारावर पुढे सगळं तिच्या वजनानेच.” मुलाने रडं थांबवलं आणि विचारलं, “मग तू का बसत नाहीस?” तिकिटाचे पैसे एकट्याचे तरी वसूल व्हावेत म्हणून नवरा बसला. उतरल्यावर तो बराच वेळ कठड्याला धरून होता. टक्‌टक्‌ थांबते तेव्हाच खरी पंचाईत सुरू होते, एवढंच तो बोलला.

उरला पाण्याचा भाग. तिथे सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, ते भाड्याने मिळतात आणि त्यांत कुणीही देखणं दिसत नाही. आईने नऊवारीला नायलॉनचा पर्याय विचारून पाहिला आणि सामान सांभाळण्याचं पद स्वीकारलं. भोंगा झाला की तलावात लाटा येत. भिंतीमागच्या कोठ्यांत पंख्याने हवा कोंबून पाणी ढकलतात म्हणे. त्या लाटेवर चारशे माणसं उकळीतल्या साबुदाण्यासारखी वरखाली होत होती. तापलेल्या फरशीवरून तिथवर पोहोचणं हाच मुळी सर्वांत थरारक खेळ होता, आणि त्याला उंचीची अट नव्हती.

या धंद्याचा मुहूर्तच उन्हातला आहे. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड 17 जुलै 1955ला उघडलं तेव्हा कडक ऊन होतं, ताजं डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा त्यात रुतल्या आणि प्लंबरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे नळही अपुरे होते. ते ऐकून मला आमचा दिवस बराच बरा वाटला. 1989मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, त्यानंतर आम्हा भावंडांनाही नेलं होतं. मला आता आठवते ती फक्त खाडीतली लाँच. पुण्यात पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी 1956पासूनची. तिच्यात बसताना जिराफाने माझं माप घेतल्याचं स्मरत नाही.

चिरंजीवांना दुपारी अखेर आनंद सापडला. खाद्यपदार्थांच्या गाळ्याजवळ चोच वासून उभा असलेला, पोटावर ‘मला वापरा’ लिहिलेला पेंग्विन. त्यांनी त्याला आइस्क्रीमचे कागद, वेफर्सची पाकिटं, आजीचं तिकीट आणि, वेळीच हात धरला म्हणून वाचलं, गाडीचं पार्किंगचं कूपन असं क्रमाने भरवलं. परक्यांचा कचराही मागून आणला. निघताना गळ्यात गळा घालून निरोप झाला. तसाच पेंग्विन आमच्या कोपऱ्यावरच्या महापालिकेच्या बागेत आहे. चोच जराशी तुटलीय, एवढंच.

या वयात मूल वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर वाढतं. म्हणजे थोरल्या जिराफाला अजून तीन वर्षं आहेत. ज्यांच्या घरी 85च्या वरचं आणि 120च्या खालचं माणूस असेल त्यांना विनंती, तोवर जवळची पेंग्विनवाली बाग गाठा. सकाळी नवाच्या आत जा, दशम्या बरोबर घ्या आणि पेंग्विनसाठी घरून थोडे जुने कागद न्या.