आमचे साडू आणि उणे एकाहत्तर

आमच्या साडूंच्या खिशात पेन नसतं, केबल असते. जेमतेम वीतभर, काळी, दोन्ही टोकांना रबरी टोपणं घातलेली. लग्नामुंजीला झब्बा घातला की ती झब्ब्याच्या खिशात जाते. लोक कुणाकडे जाताना फळं नेतात; साडू केबल नेतात आणि आठवणीने परत आणतात. "ही माहितीतली आहे," असं ते तिच्याबद्दल सांगतात. आमच्याकडे दूधवाल्याबद्दल असं बोलतात.

साडू बाणेरला एका कंपनीत लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नलमधले, यूएसबी ड्रायव्हर सांभाळतात. (ड्रायव्हर या शब्दावर करता येण्यासारखे सगळे विनोद आमच्या सासुरवाडीने त्यांच्या लग्नाच्या याद्या होतानाच करून संपवले आहेत.) सांभाळतात म्हणजे नवं काही फारसं लिहीत नाहीत, कुणी तरी वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं बंद पडू देत नाहीत. जुन्या वाड्यात एक आजोबा असायचे, कुठल्या पायरीवर पाय द्यायचा नाही ते फक्त त्यांनाच ठाऊक. साडू त्या जातीचे.

काहीही बिघडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "केबल कुठली?" टीव्ही बिघडो, गीझर बिघडो. एकदा सासऱ्यांचा ईसीजी जरा इकडेतिकडे आला तेव्हाही त्यांनी हळूच तेच विचारलं होतं. मी चेष्टा केली तर त्यांनी कर्नलचा मूळ कोडच उघडून दाखवला. एखादा पोर्ट वारंवार सांगूनही सुरू होईना की कर्नल जो निरोप छापतं त्यात खरोखरच लिहिलंय, की कदाचित यूएसबीची केबल खराब असेल? प्रश्नचिन्हासकट. "बघा," साडू म्हणाले, "एवढ्या प्रचंड कोडमध्ये इतकं नम्र वाक्य दुसरं सापडणार नाही."

एप्रिल १९९८मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर उभे असताना त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ला स्कॅनर जोडला आणि भल्यामोठ्या पडद्यावर सगळं निळं झालं. तो व्हिडिओ पाहून जग अजून हसतं. मी साडूंना दाखवला. ते हसले नाहीत. मागे नेऊन पुन्हा लावला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "केबल नीट दिसत नाही."

त्यांच्या या स्वभावाचं मूळ धंद्यात आहे. यूएसबीत काही खुपसलं की कर्नल लगेच बोलत नाही. जोडणी सलग १०० मिलिसेकंद स्थिर राहिली की मगच पुढची बात. (साडू दाराची बेल वाजल्यावरही तसेच बसून राहतात. "उभा आहे का बघू द्या आधी.") मग चौकशी. नव्याला पत्ता नसतो, तो शून्य नंबरवर तिष्ठत असतो. तू कोण, कुणाकडचा, असं विचारलं की त्याने १८ बाइटांत कुळकथा सांगायची. मग त्याला १ ते १२७मधला एक नंबर मिळतो. लिनक्सवाले आधी पत्ता देऊन मग चौकशी करत. नियमात ते बसतं. पण काही उपकरणं एवढ्यानेच गार व्हायची. शोध घेतला तर कळलं, की बनवणाऱ्याने ती फक्त विंडोजला जोडून पाहिलेली. विंडोज आधी १८च्या जागी ६४ बाइट मागतं, मग दणकन रिसेट करतं, मग पत्ता देतं. उपकरणाला तेवढीच आरती पाठ! अखेर लिनक्सही तसंच विचारू लागलं, आणि त्याने जमलं नाही तर पुन्हा जुन्या पद्धतीने. यूएसबीच्या नियमांचं शेकडो पानांचं पुस्तक साडूंना जवळजवळ मुखोद्गत आहे. त्यावर विश्वास मात्र काडीचा नाही.

खोटं बोलणाऱ्या उपकरणांना कर्नल हाकलून देत नाही. त्यांची यादी करतं. ही यादी साडूंचा ज्ञानेश्वरीइतका आवडता ग्रंथ. अमुक कंपनीचं अमुक मॉडेल: झोपेतून उठवलं तर रिसेट करा. तमुक: जोडल्यावर जरा थांबून बोला. काही कार्डरीडरांना विचारावं, की तुझ्याकडच्या शेवटच्या कप्प्याचा नंबर काय; तर ते एकूण कप्पे किती ते सांगतात. मोजणी शून्यापासून, त्यामुळे उत्तर एकाने जास्त. संगणक भाबडेपणाने त्या नसलेल्या कप्प्यात डोकावतो आणि कार्डरीडर मान टाकतो. म्हणून यादीत त्यांच्या नावापुढे शेरा: याने सांगितलेल्या आकड्यातून एक वजा करा.

साडू माणसांनाही असेच शेरे लावतात. थोरले मामा किती वाजता येणार म्हणाले, की त्यात दीड तास मिळवायचा. आत्या "मला काही नको" म्हणाल्या की दोन वाट्या वाढायच्या. कुणावर रागावणं नाही, कुणाला सुधारणं नाही. माझ्या नावापुढे काय शेरा आहे हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

साडूंच्या घरातली भांडणंही आता कर्नलच्या चुकांच्या आकड्यांत होतात. उणे एकाहत्तर म्हणजे समोरचा काही तरी बोलला, पण ते भाषेत बसेना. उणे एकशे दहा म्हणजे वाट पाहून वेळ संपली, उत्तर नाही. "आज काय?" मी फोनवर विचारतो. "सकाळी एकाहत्तर होतं," साडू दबक्या आवाजात सांगतात, "आता एकशे दहा."

एका लग्नात मेव्हणीची मोत्याची कुडी हरवली तेव्हा मात्र तिने माहेरचं नाव काढलं. साडूंनी शोधायला हात लावण्याआधी विचारलं, "शेवटची नक्की कधी पाहिलीस?" ही धंद्यातली रीत. कर्नलच्या दोन आवृत्त्यांत दहा हजारांवर बदल असतात. जुनीत चालणारं नवीत बिघडलं तर बरोबर मधली आवृत्ती बांधून पाहायची. ती चांगली निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. चौदा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. साडूंनी लग्नाच्या हॉलवरचे सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो मागवले, वेळेप्रमाणे लावले आणि मधला उघडला. कानात कुडी आहे. पुढच्या अर्ध्याचा मधला. नाही. नवव्या फोटोला कुडी पडल्याची वेळ कळली: दुपारी दोन ते दोन चार, जिलबीच्या पंक्तीत. कुडी मिळाली नाही ती नाहीच. पण साडूंच्या लेखी प्रश्न सुटला होता.

परवा आमचा प्रिंटर बंद पडला. संगणकात लिनक्स साडूंनीच घातलेलं, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. ते आले, केबल बदलली, पोर्ट बदलला, लॉग पाहिला. उणे एकाहत्तर. चेहरा उजळला. "एक काम करतो," म्हणाले, "हे दोघं आपसात काय बोलतात ते जरा ऐकतो," आणि टिपणं घेणारं यूएसबीमॉन सुरू केलं. त्यासरशी प्रिंटरने धडाधड चार पानं काढली.

"चालला!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "भाऊजी, चहा टाकते."

साडू डोक्याला हात लावून बसले. टिपणं घ्यायला जो क्षणभर वेळ जातो, तेवढ्यात एकमेकांवर आदळणारे दोघं आदळत नाहीत आणि दोष हवेत विरतो. टिपणं बंद केली, तरी प्रिंटर चालूच. काढून लावला, चालू. रात्री साडेअकरापर्यंत तो बंद पाडायचा त्यांनी जिवापाड प्रयत्न केला. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बंद पडला की कशाला हात लावू नका. आधी मला फोन."

मग रोज सकाळी फोन. "पडला का?" "नाही हो, उत्तम चाललाय." पलीकडून सुस्कारा.

नवव्या दिवशी, ऐन आयकराचे कागद छापताना, प्रिंटर बंद पडला. मी फोन केला. वीस मिनिटांत साडू दारात हजर. एका हातात लॅपटॉप, खिशात केबल आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.